काकांचा डी-७० कॅमेरा कपाटातून निघाला. वापरू की शोकेसमध्ये ठेवू?

कुळागर | शुक्रवार, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा घाईनं पाहिजे, कारण चवथ बारा दिवसांवर आली.

फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरात साफसफाई चालू आहे. काल काकांचं कपाट रिकामं केलं. जुनी पंचांगं, विम्याच्या पावत्या, भजनाच्या वह्या, आणि सगळ्यांच्या मागे चामड्याच्या बॅगेत निकॉन डी-७०. सोबत १८-७० लेन्स, चार्जर, एक बॅटरी, आणि बॅटरीच्याच आकाराचा काळ्या प्लास्टिकचा एक पोकळ तुकडा, आत तीन खाचे. हा काय प्रकार आहे, कोणी सांगेल का?

अवस्था अशी: बॅटरी चार्जरला लावली तर दिवा लुकलुकत राहतो, चार्ज काही होत नाही. अंगठा ठेवतो तिथलं रबर गूळ लावल्यासारखं चिकटतं. लेन्स ट्यूबलाइटसमोर धरली तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पांढरा धागा दिसतो. कार्ड कॅमेऱ्यातच आहे, १ जीबीचं, जाडजूड. त्यात काय आहे ते माहीत नाही, वाचायला घरात काही नाही.

काका जाऊन सात वर्षं झाली. चवथीच्या सकाळी गणपती आसनावर बसायच्या आधी ते स्टुलावर चढून माटोळीचा फोटो काढायचे. दर वर्षी एकच. आम्ही पोरं खाली फटाक्यांसाठी ताटकळत असायचो आणि हे वर "थांब रे, हालूं नाका" करत. यंदा तोच फोटो त्याच कॅमेऱ्यानं काढावा असं मनात आलंय. मुलगा म्हणतो, "बाबा, माझा फोन पन्नास मेगापिक्सेलचा आहे, हा सहाचा. शोकेसमध्ये ठेव." जमण्यासारखं आहे का?

मांडवीकाठ | शुक्रवार, रात्री १०.२५

तो काळा तुकडा टाकू नका हो! तो एमएस-डी७०. कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच यायचा. त्यात सीआर२ च्या तीन लिथियम बॅटऱ्या घालायच्या आणि तो नेहमीच्या बॅटरीच्या जागी सरकवायचा. फोटोच्या दुकानात मिळतात, नाहीतर ऑनलाइन मागवा. कॅमेरा जिवंत आहे की नाही हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही. रोज वापरायला परवडणार नाहीत, पण नाडी बघायला पुरतात.

जुनी बॅटरी पुन्हा पुन्हा चार्जरला लावू नका. फुगली असेल तर अजिबातच नको. नवी घेताना लेबल नीट वाचा: ईएन-ईएल३ किंवा ईएन-ईएल३ए. ईएन-ईएल३ई घेऊ नका, ती डी-८०, डी-२०० वाल्यांची. दिसायला सख्खी बहीण, पण डी-७० मध्ये चालत नाही.

मी २००४ साली हाच कॅमेरा घेतला. त्याच वर्षी इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पणजीत आला, आणि सगळी पणजी रंगरंगोटी करून उभी होती, त्यामुळे वर्ष डोक्यात पक्कं बसलंय. उद्या सविस्तर लिहितो.

तिरकस तिसवाडी | शुक्रवार, रात्री ११.०२

मी मुलाच्या बाजूनं. भावना ठीक आहेत, पण वस्तू बघा. मागचा स्क्रीन १.८ इंचाचा, फोटो धड आला की हलला ते घरी गेल्यावर कळणार. व्हिडिओ नाही. आयएसओ (अंधारात उजेड पकडायची ताकद) १६०० च्या वर जातच नाही आणि १६०० ला जे येतं ते रव्याच्या लाडवासारखं दिसतं. माटोळी बांधतात ती जागा किती अंधारी असते ते ठाऊक आहे ना? विकायला जाल तर चवथीची भाजी पण येणार नाही.

शोकेस. हार घाला. विषय संपला.

पुण्याहून_पाहुणा | शनिवार, सकाळी ७.५०

भाबडा प्रश्न: माटोळी म्हणजे काय? मंडपी म्हणतात तेच का?

शिवोलीची सून | शनिवार, सकाळी ८.१५

@पुण्याहून_पाहुणा, तशीच, पण आमची जरा रानटी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन (लिंबाच्या जातीतलं मोठं फळ), आंब्याचे टाळे, चिबूड, शिवाय कवंडळं, कांगलां, माट्टी, घागऱ्या अशी रानातली फळं-फुलं बांधायची. बाजारात नुसती हिंडून बघितलीत तरी अर्धं वनस्पतिशास्त्र होतं. यावर स्पर्धासुद्धा होतात.

आता @कुळागर, तो पांढरा धागा म्हणजे बुरशी. घाबरू नका, पण ती लेन्स घरातल्या दुसऱ्या लेन्सबरोबर ठेवू नका. आणि ती चामड्याची बॅग आधी उन्हात टाका, नंतर सरळ टाकूनच द्या. गोव्याच्या पावसाळ्यात चामडं म्हणजे बुरशीचं माहेर. कडेला एकच धागा असेल तर फोटोत काही दिसणार नाही, फार तर उजेडासमोर धरलात की चित्र जरा फिकं येईल. काच उघडून पुसायच्या भानगडीत स्वतः पडू नका.

माझा पराक्रम ऐका, म्हणजे तुम्ही तो करणार नाही. सासऱ्यांच्या लेन्स मी डांबरगोळ्यांबरोबर डब्यात ठेवल्या होत्या. कपड्यांना चालतं तर लेन्सला का नाही! दोन पावसाळ्यांनी उघडल्या तर काचेवर तेलकट धूर बसलेला. गोळ्यांची वाफ काचेवर गोठते म्हणे. त्यानंतर तांदळाचा प्रयोग केला, तर लेन्सच्या झूमच्या फटीत पीठ आणि एक टोका. आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये असला की मी निवांत झोपते. ६० च्या वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर भाजून घेते.

मांडवीकाठ | शनिवार, दुपारी ३.३०

जेवून, झोपून आलो. आता तिरकसबाब, तुमच्याकडे वळतो.

सहा मेगापिक्सेल म्हणजे किती? ३००८ गुणिले २००० ठिपके. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १० इंच बाय साडेसहा इंचांहून थोडा मोठा फोटो, एकही ठिपका न ताणता. माझ्या स्टुडिओत लग्नाच्या अल्बमची पानं १२ बाय १८ ची असत. त्यांना ताणावं लागायचं, पण हातभर अंतरावरून बघणाऱ्या एकाही व्याह्यानं तक्रार केली नाही. मुलाच्या फोनचे पन्नास मेगापिक्सेल बोटाच्या नखाएवढ्या सेन्सरवर कोंबलेले आहेत. डी-७० चा सेन्सर २३.७ बाय १५.६ मिलिमीटर. रेशनच्या खोलीत पन्नास माणसं आणि मंगेशीच्या सभामंडपात सहा, असा हिशोब आहे.

अंधाराचं म्हणणं मात्र मान्य. १६०० ला मीही जात नसे. पण माटोळी कुठे पळून जाणार आहे? ट्रायपॉड लावायचा आणि आयएसओ २०० वर ठेवायचा. त्याच्या खाली हा कॅमेरा जातही नाही.

आता या कॅमेऱ्याची एक गोष्ट सांगतो, जी आजच्या महागड्या कॅमेऱ्यांतही सहसा मिळत नाही. फ्लॅश सिंक. सेकंदाचा ५०० वा भाग.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. एक उघडतो, मागोमाग दुसरा मिटतो. वेग वाढवला की पहिला पूर्ण उघडायच्या आत दुसरा निघतो, आणि सेन्सरवरून नुसती फट सरकत जाते. फ्लॅश तर क्षणात पेटून विझतो, म्हणून फटीपुरताच फोटो उजळतो, बाकी काळा. त्यामुळे बहुतेक कॅमेरे फ्लॅशबरोबर २०० व्या किंवा २५० व्या भागापलीकडे जात नाहीत. डी-७० मध्ये पडदे पूर्ण उघडतात आणि त्याहून कमी वेळ हवा असेल तर सीसीडी, म्हणजे त्याचा सेन्सर, स्वतःच विजेनं चालू-बंद होतो. सगळा सेन्सर एकदम. म्हणून ५०० वा भाग.

उपयोग काय? मिरामारच्या वाळूत भर दुपारी बाराला नवरानवरी उभे करा. मुहूर्त संपलेला, जेवायची घाई, सावलीत कोणी यायला तयार नाही. डोक्यावर ऊन, डोळ्यांखाली काळी खळगी. फ्लॅश मारल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मागचा समुद्र पांढरा फटक पडू द्यायचा नाही. २५० व्या भागाला एफ/१६ (लेन्सचं छिद्र बारीक) लावावा लागतो तिथे ५०० व्या भागाला एफ/११ (जरा मोठं) पुरतो. म्हणजे तोच फ्लॅश दीडपटीच्या जवळपास लांब पोचतो. मी दोन पावलं मागे जाऊ शकत होतो आणि नवरीचा शालू पुरा फ्रेममध्ये यायचा. माझं पोट त्या दोन पावलांवर चाललं म्हणा ना.

पुढची युक्ती तर आगाऊपणाची. फ्लॅशच्या पायाला मधला संपर्कबिंदू सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावायची. कॅमेऱ्याला वाटतं साधाच फ्लॅश आहे, तो ५०० ची अट विसरतो आणि हजाराव्या, दोन हजाराव्या भागालाही फ्लॅशसह फोटो येतो. फक्त फ्लॅश कमी ताकदीवर ठेवायचा. पूर्ण ताकदीला त्याचा उजेडच बराच वेळ जळतो, मग शेपूट कापलं जातं.

तोटाही याच्याच पोटातला. जास्त वेगाला सूर्य फ्रेममध्ये घेतलात तर सूर्यातून वर-खाली जांभळट पट्टा उतरतो. दोनापावलाच्या सूर्यास्तात मी तो कितीदा पुसत बसलोय.

वास्कोतला_खारवी नव्हे | शनिवार, संध्याकाळी ६.१०

आठवणी निघाल्यात म्हणून मीही. माझा कॅनन ३००डी, २००३ चा. चंदेरी प्लास्टिक, बघून वाटायचं टिफिनचा डबा. पण ऐका, अमेरिकेत नुसती बॉडी ८९९ डॉलर, हजाराच्या आत आलेला तो पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा). आमच्यासारख्या नोकरदारांना तिथे दार उघडलं. त्याआधी २००० सालचा डी३० तीन मेगापिक्सेलचा, तोही फक्त दुकानाच्या काचेतून बघितलेला.

कॅननला धास्ती होती की ३००डी मुळे महागडा १०डी कोणी घेणार नाही, म्हणून बऱ्याच सोयी आतच कुलूपबंद ठेवल्या. मग एका रशियन पठ्ठ्यानं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) उघडून आयएसओ ३२०० आणि फ्लॅशची कमी-जास्त करण्याची सोय बाहेर काढली. आम्ही रात्र रात्र बसून ते टाकायचो, देवाचं नाव घेऊन.

पण झोपेतून उठायला तीन सेकंद. चोडणच्या फेरीबोटीतून उतरलो, सालीम अली अभयारण्यात कांदळवनाच्या काठावर खंड्या बसलेला, बटण दाबलं, एक... दोन... तीन... फांदी हलत होती. नुसती फांदी. माझ्याकडे अशा फांद्यांचा मोठा संग्रह आहे. शेजारी उभा असलेला डी-७० वाला चालू करताक्षणी टिपायचा. ०.२ सेकंद! त्या माणसाचा मी अजून रागराग करतो.

सीसीडीभक्त | शनिवार, रात्री ९.२०

अजून कोणी रंगांबद्दल बोललं कसं नाही? आजच्या सीमॉस सेन्सरला सीसीडीची सर नाही. लाल म्हणजे लाल, त्वचा म्हणजे त्वचा. जुने कॅमेरे शोधून शोधून घेतायत लोक ते उगाच नाही.

मांडवीकाठ | शनिवार, रात्री ९.४५

उगाचच घेतायत. दोन्ही बाजू वापरल्यात म्हणून सांगतो. सेन्सरला रंग कळतच नाही, त्याला कळतो फक्त कमी-जास्त उजेड. रंग येतो तो वरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांतून आणि नंतरच्या सॉफ्टवेअरच्या हिशोबातून. डी-७० चा सीसीडी सोनीनं बनवलेला, रंगाची चव निकॉननं लावलेली. जुनी एनईएफ (निकॉनची कच्ची) फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, मला काय म्हणायचंय ते कळेल. आम्हाला तेव्हाचे रंग आवडतात कारण तेव्हा आमचे केस काळे होते.

सीसीडीभक्त | शनिवार, रात्री ९.५०

असहमत. पण केसांचा मुद्दा लागला.

शिवोलीची सून | रविवार, सकाळी ९.००

रंगांचं जाऊ द्या, कुणबी साडीचं सांगते. शिगम्याच्या मिरवणुकीत नणंदेचे डी-७० नं फोटो काढले होते. लाल-पांढऱ्या चौकड्यांवर इंद्रधनुषी लाटा! मला वाटलं साडीला काही सांडलं. बारीक विणीची जाळी आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडली की अशी नक्षी उमटते. या कॅमेऱ्यात चित्र किंचित मऊ करणारी गाळणी पातळ ठेवलेली, म्हणून तपशील कुरकुरीत येतो आणि लाटाही येतात. एक पाऊल पुढे-मागे झालं की जातात.

वास्कोतला_खारवी नव्हे | रविवार, सकाळी ९.३०

@कुळागर, कार्डाबद्दल दोन शब्द. कॅमेरा चालू झाला आणि "फॉरमॅट" विचारलं तर हो म्हणू नका. आधी कार्ड बाहेर काढा, असल्या जाड सीएफ कार्डाचा खाचा असलेला रीडर आणा आणि सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आणि कार्ड परत घालताना सरळ घाला, जोर लावू नका. आत ५० बारीक सुया आहेत. मी एकदा झांबावलीच्या गुलालात घाईघाईनं कार्ड बदलायला गेलो, तिरकं घातलं आणि एक सुई वाकवली. मडगावच्या एका घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावून, शिसं बदलायच्या पेन्सिलचं रिकामं टोक त्या सुईवर चढवून ती सरळ केली. दहा मिनिटं मी श्वास घेतला नाही, त्यानंही घेतला नसावा. पैसे घेईना, म्हणाला चहा पाज.

गुलाल मात्र सेन्सरवर बसला तो वेगळाच अध्याय. ऑलिम्पसच्या ई-१ मध्ये २००३ सालीच धूळ झटकायची सोय होती, आमच्यात कुठली! एफ/१६ ला आभाळाचा फोटो काढला की राधाकृष्णाची रंगपंचमी. नुसत्या हवेच्या पंपानं गेला नाही, शेवटी पणजीला जाऊन पुसून घेतला.

मांडवीकाठ | रविवार, सकाळी ११.१०

एक राहिलं. चालू केल्यावर मागचा हिरवा दिवा नुसताच लुकलुकत राहिला आणि बाकी काही घडलं नाही, तर तो डी-७० चा जगजाहीर आजार. त्या वेळी कंपनीनं सूचना काढून फुकट दुरुस्ती दिली होती. आता ते दिवस गेले. तसं झालं तर शोकेसवाल्यांचा विजय.

चिकट रबरासाठी कापडाला थोडं स्पिरिट लावून हलक्या हातानं पुसा. आणि फर्मवेअर २.० टाकलेलं आहे का ते मेनूत बघा. २००५ ला डी-७०एस आला, त्यातल्या बऱ्याच सुधारणा या फर्मवेअरमधून जुन्यालाही मिळाल्या.

कुळागर | बुधवार, रात्री ८.३०

चालला!!

तीन सीआर२ घातल्या, चालू करायची कळ फिरवली आणि वरच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटले. हिरवा दिवा शहाण्यासारखा गप्प. फक्त "क्लॉक" असा एक शब्द लुकलुकतोय. पहिला खटका उडाला तो आवाज ऐकून आतल्या खोलीतून काकू बाहेर आली. काही बोलली नाही, दारात उभी राहिली.

रीडर मुलानंच ऑनलाइन मागवला (हे मुद्दाम लिहितो). कार्डात ६१ फोटो निघाले. कुळागराचे, विहिरीचे, मांजराचे चौदा, आणि माटोळीचा एक. सगळ्यांवर जानेवारीची तारीख. आता चवथ काही जानेवारीत येत नाही, म्हणजे घड्याळाचा शक्तिपात तेव्हाच झालेला. मग हा कोणत्या वर्षीचा फोटो? आम्ही दोघांनी तर्क लढवले. काकूनं चष्मा लावला, पाच सेकंद बघितलं आणि म्हणाली, "तोरंजन बघ, कसं वाकडं लोंबतंय. तुझ्या हाताला प्लास्टर होतं त्या वर्षाचा. एका हातानं बांधलंस." फोटो मोठा करून बघितला. खाली कोपऱ्यात, सुपारीच्या घोसाआड, माझा प्लास्टरचा कोपर आहे.

२०११. स्कूटरवरून पडलो होतो.

तिरकस तिसवाडी | बुधवार, रात्री ८.४१

बरं. शोकेस मागे घेतो. ट्रायपॉड नसेल तर माझा घेऊन जा, रायबंदरला आहे. आणि अंगचा फ्लॅश लावू नका, पुढचे नारळ टकलासारखे चमकतील आणि मागचं सगळं काळोखात. एफ/८, दहा सेकंदांचा टायमर, रॉ (कच्च्या फाइल) मध्ये. समई आणि ट्यूबलाइट एकत्र असेल तर ट्यूबलाइट बंद करा, दोघांचे रंग कधी जुळत नाहीत.

शिवोलीची सून | बुधवार, रात्री ९.०५

तिरकसबाबांकडे ट्रायपॉड आहे म्हणजे कॅमेराही असणार. कोणता हो?

तिरकस तिसवाडी | बुधवार, रात्री ९.०७

डी-७०. कपाटात आहे. बॅटरी फुगलीय.

कुळागर | चवथीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.५०

घरात अजून सगळे झोपलेत, म्हणून लिहितोय. फोटो खाली जोडला आहे. आयएसओ २००, एफ/८, दीड सेकंद. समयांचाच उजेड. स्टूल काकांचंच. पहिल्या तीन फ्रेम हलल्या, कारण टायमर चालू असताना खाली पोरं धावत होती आणि जुनी लाकडी जमीन नाचत होती. चौथ्या वेळी माझ्याच तोंडून निघालं, "थांबा रे, हालूं नाका." मुलानं फोनवरूनही काढलाय, तो जास्त उजळ आला हे प्रामाणिकपणे सांगतो. कवंडळांचा लाल मात्र आमचा बरा.

सीसीडीभक्त | सकाळी ७.१५

बघा! लाल! मी काय म्हणत होतो?

मांडवीकाठ | सकाळी ७.३०

फोकस अगदी नेमका चौकटीच्या कडेवर. सुंदर. पण तोरंजन यंदाही वाकडंच.

कुळागर | सकाळी ७.३२

बांधणारा तोच आहे ना.